होडीच्या तोंडावरचा लाल टाका

मी होड्यांचे कपडे शिवते. माणसांचे कपडे शिवणं सोडून अठरा वर्षं झाली. माणसं जाड होतात, बारीक होतात आणि दर वेळी दोष शिवणारणीच्या माथी मारतात. होडीचं तसं नाही. एकदा माप घेतलं की जन्मभर तेवढीच. शिवाय आरशासमोर उभी राहून नाक मुरडत नाही.

शहराबाहेर मोठा तलाव आहे आणि त्याच्या धक्क्याला अठ्ठावीस होड्या बांधलेल्या असतात. मासे धरायच्या नव्हेत, माणसं पलीकडे न्यायच्या नव्हेत, नुसत्या हौसेच्या. मालक त्यांना 'बोट' म्हणतात आणि म्हणताना पोट आत घेतात. त्यांतल्या एकवीस होड्यांची कव्हरं माझ्या हातची. जाड निळी ताडपत्री, कडेनं पितळी रिंगा, आणि मागच्या बाजूला आत शिरण्यापुरती एक लांब चेन.

चेन बसवून झाली की तिच्या तोंडावर मी लाल दोऱ्यानं एक कच्चा टाका घालते. नेता-आणताना चेन उघडून तिचे दात वाकू नयेत, एवढ्याचसाठी. मालकाला सांगते, "पहिल्यांदा होडी उघडाल तेव्हा हा कापून टाका. कात्री नसली तर नखानंही तुटेल." मालक मान डोलावतो. मग चार-पाच वर्षांनी उन्हानं कव्हर विरतं, दुरुस्तीला माझ्याकडे येतं, आणि मी सगळ्यात आधी तो टाका बघते. एकवीसपैकी तेरा कव्हरांवर तो जसाच्या तसा होता. लालाचा गुलाबी झालेला, इतकंच.

"सारखी वापरतो ना, म्हणून फाटलं हो," मालक म्हणतात.

"हो ना," मी म्हणते. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये. पण मनात म्हणते, बाबा रे, वापरून फाटलेलं कापड कडेला फाटतं, पडून फाटलेलं मधोमध. मी शिवण कुणाकडे शिकले नाही, दुसऱ्यांचं उसवून शिकले. उसवणाऱ्या बाईला शेंड्या लावू नयेत.

एक कंत्राटदार आहेत. ते होडी धक्क्यालाच बांधून ठेवतात, कव्हरावर बसून फोटो काढून घेतात आणि दोरी फोटोत येऊ नये म्हणून राखणदाराला तिच्यासमोर उभं करतात. एक वकीलसाहेब आहेत. त्यांच्या कव्हराचा कोपरा फाटला तेव्हा आत एका कबुतरिणीनं तीन वर्षं संसार केला. त्या होडीचा खऱ्या अर्थानं उपभोग घेतलेला तो एकच जीव. वकीलसाहेबांनी तिलाही हुसकलं आणि कोपरा माझ्याकडून शिवून घेतला.

राखणदाराला सगळे कप्तान म्हणतात. पाण्यातलं शेवाळ काढायला त्याची एक लाकडी होडी आहे. तिला रंग नाही, नाव नाही, कव्हर तर नाहीच. अठ्ठावीस होड्यांच्या त्या धक्क्यावर रोज पाण्यात जाते ती तेवढी एकोणतिसावी.

तर एवढं सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या बाईच्या घरात, एका मंगळवारी जेवताना, आमचे हे म्हणाले, "एक होडी बघितलीय."

माझा घास हातातच राहिला.

आमचे हे लिफ्टवाले. बत्तीस वर्षं शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. पहिल्या दोन आठवड्यांत घरातले नळ, पंखे, दारांच्या बिजागऱ्या, सगळं ठीकठाक केलं आणि मग घर संपलं. तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. समोरच्या इमारतीची लिफ्ट वर गेली की कान टवकारतात आणि म्हणतात, "केबल कोरडी पडलीय." कुणाला म्हणतात? खिडकीला. मुळातच बोलणं कमी, त्यात निवृत्ती. मी मोजलंय, दिवसाला नऊ वाक्यं. त्यांतली चार चहाबद्दल.

म्हणजे हे दहावं.

"कुणाची होडी?" मी विचारलं.

"दातांच्या डॉक्टरांची. विकतायत. रविवारपर्यंत सांगा म्हणाले."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"घरी विचारतो म्हटलं."

"घरी म्हणजे मला?"

"नाही, खिडकीला."

पंधरा. वर विनोद.

"अहो, पण करायचं काय होडीचं? आपल्याला पोहता येत नाही, मासे आवडत नाहीत, आणि साध्या बसमध्ये तुम्हाला मळमळतं."

यांनी ताटातला शेवटचा घास संपवला. मग म्हणाले, "बत्तीस वर्षं वर-खाली केलं गं. आता जरा आडवं जावंसं वाटतं." आणि उठता उठता वर, "तू म्हणशील तसं."

'तू म्हणशील तसं' हे वाक्य ज्या कुणा नवऱ्यानं पहिल्यांदा उच्चारलं, तो फार पोचलेला असणार. हो म्हटलं तर निवृत्तीचा मिळालेला सगळा पैसा त्या धक्क्याला दोरीनं बांधायचा आणि वर बाविसावं कव्हर फुकटात शिवायचं. नाही म्हटलं तर हा माणूस परत त्या खुर्चीत जाऊन बसणार, आणि आजवर त्याला तिथं निवृत्तीनं बसवलं होतं, आता मी बसवणार. होडीला नाही म्हणायला मला अर्धा सेकंद पुरला असता. त्या खुर्चीला हो म्हणणं मात्र जड जात होतं.

दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन. बातमी तिच्यापर्यंत पोचायला वारा लागत नाही.

"वहिनी, घेऊ दे गं दादाला. आपल्या घराण्यात कुणाची होडी नव्हती."

"घराण्यात कुणाला मधुमेहही नव्हता. तो आलाच ना?"

"तुझं आपलं काहीतरीच! अगं, चार लोकांत सांगायला बरं असतं."

"मग चार लोकांत नुसतं सांगूनच टाका. त्याला होडी कशाला लागते?"

नणंद म्हणाली, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. हे ती दर फोनला म्हणते, आणि दर फोन ती लावते.

गुरुवारी आम्ही होडी बघायला गेलो. डॉक्टर आधीच येऊन उभे होते. पांढरे बूट, पांढरी टोपी, आणि बत्तिशी अशी की धंद्याची जाहिरातच. कव्हर माझंच, सहा वर्षांपूर्वी शिवलेलं.

"काय सांगू तुम्हाला," डॉक्टर म्हणाले, "दर दुसऱ्या रविवारी आम्ही पाण्यावर! मुलं तर परत यायला तयार नसायची. आता मुलं मोठी झाली, म्हणून नाइलाजानं."

हे ऐकत होते आणि त्यांचे डोळे चमकत होते. मी वाकले. चेनच्या तोंडावर गुलाबी टाका. माझी गाठ मला झोपेतही ओळखू येते.

"डॉक्टर, जरा आत बघू या ना. चेन उघडता?"

डॉक्टरांनी चेन ओढली. हलेना. परत ओढली, जोर लावून, दाढ काढतात तशी. "गंजलेली दिसतेय," म्हणाले.

मी पर्समधून छोटी कात्री काढली आणि टाका कापला. चेन लोण्यासारखी उघडली. "गंज लाल असतो, डॉक्टर," मी म्हटलं, "पण त्याला गाठ नसते."

डॉक्टरांनी टोपी काढली. कीड लागलीय हे कळल्यावर त्यांचे पेशंट त्यांच्याकडे बघत असतील, तसे ते माझ्याकडे बघायला लागले. हळू आवाजात म्हणाले, "एकदा गेलो होतो. कव्हर शिवायच्या आधी. बायकोला गरगरलं. मग दवाखाना वाढला, मग मुलांच्या परीक्षा." आणि टोपी हातात फिरवत, "पण दर रविवारी वाटायचं हो, की जावं."

माझा राग तिथंच निम्मा उतरला. उरलेला निम्मा मी जपून ठेवला, कारण तेवढ्यात हे आत शिरून इंजिनाचं झाकण काढून मोकळे झाले होते. आतून आवाज आला, "अगं, कोरं आहे! इंजिन कोरं करकरीत आहे!"

"कोरं आहे म्हणजे कुणी वापरलं नाही."

"तेच तर म्हणतोय मी!"

"मीही तेच म्हणतेय!"

घरी येताना वाटभर मी जिंकल्यासारखी बोलत होते. तेरा टाक्यांची गोष्ट सांगितली. कबुतरीण सांगितली, कंत्राटदार सांगितला. म्हटलं, ही सगळी नव्याची नवलाई, पहिले नऊ दिवस पाण्यावर आणि पुढची नऊ वर्षं ताडपत्रीखाली. म्हटलं, तुमचंही हेच होणार, आणि मग त्या कव्हरावरचा टाका बघून मी कुणाला हसायचं?

यांनी दाराचं कुलूप काढलं. घरात शिरले, चपला काढल्या, आणि न थांबता बाहेरच्या खोलीत सोफ्याकडे गेले. सोफ्याच्या कव्हराची मागची कड उलटी केली आणि मला बोटानं बोलावलं.

चेनच्या तोंडावर लाल टाका. सावलीत असल्यामुळे अगदी लालभडक, काल घातल्यासारखा.

"किती वर्षं झाली?" यांनी विचारलं.

अकरा. सोफा आणला त्याच दिवशी मी कव्हर शिवलं होतं. पाहुणे येतील तेव्हा काढू म्हटलं होतं. पाहुणे आले, कव्हरावर बसले, कव्हराचं कौतुक करून गेले.

"मिक्सरला कव्हर," हे बोटं मोजायला लागले. "पंख्याला कव्हर. रिमोट पिशवीत. बाहुल्या कपाटात, आणि कपाटाला पडदा. आपलं घर म्हणजे धक्काच आहे गं. पाणी तेवढं नाही."

माझी बोलती बंद झाली. असं होत नाही. नणंदेला सांगितलं असतं तर तिनं तारीख लिहून ठेवली असती.

शेवटी मी म्हटलं, "ठीक आहे. आधी एकदा पाण्यात नेऊन बघू. मग सांगते."

डॉक्टर लगेच हो म्हणाले. पकडलेला माणूस उदार होतो. मुदतही एक आठवड्यानं पुढं ढकलली. हे दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन धक्क्यावर. सहा वर्षांचं जुनं तेल काढलं, नळ्या धुतल्या, एकेक स्क्रू पुसला. संध्याकाळी काळ्याकुट्ट हातांनी घरी यायचे आणि बोलायचे. मंगळवारी वीस वाक्यं झाली. बुधवारी मी मोजणं सोडलं.

आणि मला धडकी भरली. कारण होडीबद्दलचं माझं मत काडीइतकंही बदललं नव्हतं. ती मला अजूनही नाकापेक्षा जड मोतीच वाटत होती. पण काळे हात घेऊन हसत घरी येणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मला कुणी उसवून दाखवलेलं नव्हतं.

रविवार उजाडला. दोघांनी ती फुगीर केशरी जाकिटं घातली. मी स्वतःच शिवलेल्या उशीसारखी दिसत होते. पाय होडीत ठेवणार, इतक्यात हे म्हणाले, "थांब." आणि होडीच्या आत लावलेली पत्र्याची पट्टी वाचायला लागले. किती माणसं, किती वजन, ते तिच्यावर लिहिलेलं होतं. बत्तीस वर्षांची सवय. क्षमतेची पट्टी वाचल्याशिवाय हा माणूस लिफ्टमध्ये सोडा, परक्याच्या पलंगावरही बसत नाही.

"तू किती?" यांनी विचारलं.

"असं चारचौघांत विचारतात?"

"इथं कुणी नाहीये गं."

"कप्तान आहे."

कप्तानानं सभ्यपणे तोंड फिरवलं. मी कानात सांगितलं. यांनी मनात बेरीज केली, भुवया उंचावल्या, आणि मग एकेक गोष्ट होडीतून धक्क्यावर काढून ठेवायला लागले. लोखंडी नांगर. पाण्याचा कॅन. दोन वल्ही. आणि शेवटी अवजारांची पिशवी.

"अहो, वल्ही तरी राहू द्या."

"इंजिन आहे ना. उगाच भार कशाला? ओव्हरलोड झालं की पहिला ताण दोरावर येतो."

"होडीला दोर कुठाय?"

"तत्त्व तेच," हे म्हणाले. आणि आम्ही निघालो.

खरं सांगते, पहिली दहा मिनिटं छान गेली. धक्का मागे लहान होत गेला, माझी कव्हरं निळ्या लिमलेटच्या गोळ्यांएवढी दिसायला लागली. हे सुकाणू धरून ताठ बसले होते. मळमळत होतं, पण कबूल करत नव्हते. तोंडाचा रंग मात्र सांगत होता. तलावाच्या अगदी मधोमध आलो आणि इंजिन दोनदा खोकलं, एकदा शिंकलं आणि गप्प झालं.

यांनी इंजिन सुरू करायची दोरी ओढली. परत ओढली. सात वेळा ओढली.

"नळीत कचरा आलाय," म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. फक्त पाना हवा."

"आणि पाना?"

यांनी धक्क्याकडे बघितलं. मीही बघितलं. पिशवी तिथं वल्ह्यांच्या शेजारी व्यवस्थित ठेवलेली होती. क्षमतेच्या आत.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. सुरुवात 'उंटावरचे शहाणे' इथून झाली. बोलून दम लागला तेव्हा मी उभी राहिले आणि कप्तानाला हात केला. कप्तानानं उलटा हात केला. मी दोन्ही हात हलवले. त्यानंही दोन्ही हात हलवले, आणि खाली बसून चहा प्यायला लागला.

आणि मग मला भीती वाटायला लागली. उगाच नाही. खाली किती खोल आहे कुणास ठाऊक, पोहता येत नाही, होडी जागच्या जागी हळूहळू गोल फिरतेय, आणि किनारा कधी पाठीमागे, कधी समोर. मी जाकिटाच्या नाडीला गाठीवर गाठी मारायला लागले. हातांवरच पोट माझं, पण ते आता माझं ऐकेनात.

तेव्हा यांचा आवाज आला. पण तो यांचा आवाज नव्हता. म्हणजे घरातला नव्हता. स्वच्छ, सावकाश, जरा मोठा, बंद दारापलीकडच्या माणसाशी बोलावा तसा.

"आत किती जण आहात?"

मी म्हटलं, "काय?"

"आत किती जण आहात?"

"एक," मी म्हटलं. "एकटीच."

"एकच ना? मग हवा भरपूर आहे. खाली बसा. भिंतीला पाठ लावा. मी इथंच आहे, बाहेर. कुठे जाणार नाही."

मी खाली बसले. होडीच्या कडेला पाठ लावली.

"आता सांगा, सकाळी उठल्यापासून काय काय केलंत? सगळं सांगा, काही गाळू नका."

आणि मी सांगायला लागले. उठले. दूध तापवलं. ते उतू गेलं, कारण मी तुमचं जाकीट नीट शिवलेलं आहे का ते बघत होते. एका बाजूची शिवण सैल होती, ती दुहेरी केली. मग डबा भरला. मग एकटीच खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बघितलं, की तिथून एवढं दिसतं तरी काय. काही दिसत नाही. समोरच्या लिफ्टचा आवाज तेवढा येतो. खरंच, केबल कोरडी आहे.

बोलता बोलता हात थांबले.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"अडकलेल्या माणसाला आधी आकडा विचारायचा," हे म्हणाले, आपल्या नेहमीच्या आवाजात. "आकडा सांगताना माणूस घाबरायचं विसरतं. मग सकाळपासूनचं सांगायला लावायचं. सकाळ संपेपर्यंत आपलं काम होतं. एकदा एक बाई अडीच तास अडकली होती. तिची सकाळ संपली, मग तिचं लग्न झालं, मग सासू मेली, तरी दार उघडेना. बाहेर काढली तेव्हा म्हणाली, अजून थोडं राहिलंय."

मी हसले. पण खरं सांगू का? मला त्या बाईचा हेवा वाटला. बत्तीस वर्षं शहरभर परकी माणसं अडकत होती आणि माझा नवरा त्यांना विचारत होता, सकाळपासून काय केलंत. घरी यायचा तेव्हा त्याचे सगळे प्रश्न संपलेले असायचे. आणि मी तरी कधी अडकले होते? मी तर दाराची चेन आतून लावून, वर टाका घालून बसलेली.

मग हे कितीतरी वेळ बोलत राहिले. कोणत्या इमारतीची लिफ्ट लबाड, कोणती गरीब. कुठल्या मजल्यावर कोण रडलं. मी ऐकत राहिले. ऊन तापलं, मळमळ थांबली, होडी गोल फिरत राहिली.

मध्येच थांबून यांनी इंजिनाकडे बघितलं. आठवडाभर लेकरासारखं पुसलेलं इंजिन. पण आता बघणं वेगळं होतं.

"लिफ्ट बंद पडली ना," हे म्हणाले, "की अर्ध्या मिनिटात फोन. शिव्या. चौथ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात उभ्या राहून शिव्या द्यायच्या. ही सहा वर्षं बंद होती. कुणी एक शिवी दिली नाही. कुणाचं काही अडलंच नाही." मग परत, अगदी हळू, "बंद पडली तरी कुणाचं अडत नाही, त्या यंत्राचं काय करायचं?"

ते होडीबद्दल बोलत होते. निदान मी तसंच दाखवलं.

"शिव्यांची काळजी करू नका," मी म्हटलं. "घरी भरपूर आहेत. मघाशी निम्म्याच संपल्या."

हे हसले. आणि मी मनात ठरवून टाकलं, हो म्हणायचं. होडी शुद्ध मूर्खपणा आहे, बाविसाव्या कव्हराचा धनी व्हायचंय या माणसाला, पण होऊ दे. मी कव्हरच शिवणार नाही. उघडी होडी वापरावीच लागते.

दोन तासांनी कप्तान आपली शेवाळाची होडी वल्हवत आला.

"अरे, हात करत होते ना मी तुला?" मी ओरडले.

"मला वाटलं मजा करताय," कप्तान म्हणाला. "बोटवाले असेच करतात. बसतात आणि हात हलवतात." त्यानं आमची होडी आपल्या होडीला बांधली आणि ओढत नेली. दोर तर दोर, शेवटी लागलाच.

धक्क्यावर डॉक्टर वाट बघत होते. यांनी आधी पिशवीतून पाना काढला, नळी साफ केली, दोरी ओढली. इंजिन एका दमात सुरू झालं. मग ते बंद केलं, फडक्यानं पुसलं, झाकण लावलं आणि किल्ली डॉक्टरांच्या हातात दिली.

"नको," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं होतं. माझं 'हो' जिभेच्या टोकावर होतं. ते तिथंच राहिलं.

"का हो?" डॉक्टर कळवळून म्हणाले. "इंजिन तर उत्तम चाललं."

"इंजिन उत्तमच आहे. पण कुणाचं अडत नाही त्याच्यावाचून." मग हे माझ्याकडे वळले. "चालेल ना? तुला काही वेगळं म्हणायचं होतं?"

"मला काय म्हणायचंय," मी म्हटलं. "तुम्ही म्हणाल तसं."

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं, सोफ्याचा टाका कापला. कव्हर ओढून काढलं. आतलं कापड लाल, फुलाफुलांचं. मी विसरूनच गेले होते. दोघं जरा आदबीनं बसलो, आणि बसल्या बसल्या खाली गेलो. स्पंजाचा आतल्या आत भुगा झाला होता. अकरा वर्षं नुसत्या ताणलेल्या कव्हरानं तोलून धरलेला.

"डॉक्टरांची होडी बरी होती," हे म्हणाले. "निदान तरंगत होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची रिकामी दिसली. हे समोरच्या इमारतीत गेले होते. केबलबद्दल जे आठ महिने खिडकीला सांगत होते, ते तिथल्या सेक्रेटरीला सांगायला. दुपारी काळे हात घेऊन आले आणि आल्या आल्या तक्रार केली की तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा फार शिव्या देतात. तक्रार करताना चेहरा कसा होता म्हणता? बक्षीस मिळाल्यासारखा.

डॉक्टरांची होडी महिन्याभरात विकली गेली. कानाच्या डॉक्टरांनी घेतली. ते मला म्हणाले, नवं कव्हर हवं, कारण आम्ही दर रविवारी पाण्यावर असणार. मी म्हटलं, हो ना. माप तेच होतं.

काल मी ते कव्हर संपवत होते. एवढी मोठी ताडपत्री टेबलावर मावत नाही, म्हणून शेवटची चेन बसवताना मी तिच्या आत शिरून बसते, तंबूत बसावं तशी, दाभण आणि लाल दोरा घेऊन. बाहेर पावलं वाजली. कपबशी टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग ताडपत्रीवर दोन टकटक.

"आत किती जण आहात?"

दोरा दातात होता. तो काढून मी म्हटलं, "एकच. पण घाई नाही."